विहिरीच्या पाण्याला इंधनाचा वास आला तर: भूमिगत टाकीच्या गळतीचा शोध कसा घ्यावा

सातारा ते कऱ्हाड या पट्ट्यात, महामार्गाच्या खालच्या अंगाला, आमची जुनी दगडी बांधणीची विहीर आहे. एका मे महिन्यात, पाणी तळाशी गेलेले असताना मोटार सुरू केली आणि पाटाच्या पाण्याला रॉकेलसारखा उग्र वास आला. विहिरीच्या वरच्या बाजूला साधारण तीनशे मीटरवर इंधनाचा पंप आहे. कारण आम्ही त्याच संध्याकाळी ठरवून टाकले; ते सिद्ध करायला मात्र दीड वर्ष गेले. त्यातला एक अख्खा हंगाम आमच्याच चुकीने वाया गेला. पहिला नमुना आम्ही पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत भरला, ती बाटली दोन दिवस ओसरीवर राहिली, आणि अहवालात बेन्झीन (पेट्रोलमधले घातक द्रव्य) ‘आढळले नाही’ असे छापून आले. पुढे प्रत्येक बैठकीत पंपचालकाने तोच कागद आमच्यापुढे ठेवला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून कामाचा क्रम आणि त्यातले खाचखळगे येथे लिहीत आहे.

१. पहिल्या दिवशी: आधी जिवाची काळजी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि विहिरीत खाली साचून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड टक्क्यापर्यंत पोहोचले की एक ठिणगी पुरेशी असते. म्हणून वास येत असलेल्या विहिरीत कोणीही उतरू नये, गाळ काढायला किंवा मोटार वर घ्यायला तर नाहीच. काठावर बिडी, काडेपेटी, कंदील नको. स्टार्टर विहिरीच्या तोंडाशी असेल तर त्याला हात न लावता खांबावरून वीज तोडून घ्यावी.

पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी त्याच दिवशी बंद करा, जनावरांनाही पाजू नका. टीसीएल पावडर किंवा तुरटी टाकून इंधन जात नाही. पाणी उकळल्याने बेन्झीन पाण्यातून निघते खरे, पण ते बंद स्वयंपाकघराच्या हवेत उतरते आणि चुलीपाशी बसलेल्या बाईच्या श्वासात जाते. हे आमच्या घरात घडले आहे, म्हणून ठळकपणे सांगतो.

विहीर उपसून काढण्याचा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. उपसलेले पाणी ओढ्यात किंवा उसात सोडले की दूषित जागा एकाच्या दोन होतात, आणि जोराच्या उपशाने वरच्या बाजूचे इंधन आणखी वेगाने तुमच्याकडे ओढले जाते.

२. वास आणि तवंग नक्की कशाचा, याची खात्री करा

पाण्यावर चमकणारा पापुद्रा दिसला की तो तेलाचाच असतो असे नाही. लोहावर जगणाऱ्या जिवाणूंमुळेही साचलेल्या पाण्यावर असा पापुद्रा येतो. काडीने तो मोडून पाहा. जिवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकड्यांत फुटतो आणि तुकडे वेगळे राहतात. तेलाचा तवंग मात्र काडीमागे पुन्हा एकत्र मिळतो. सडक्या अंड्यासारखा वास कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा असू शकतो, आणि साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्याचा वास तर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सर्वांच्या ओळखीचा आहे.

त्यानंतर आपले घर तपासा. विहिरीवर कधी डिझेल इंजिन होते का, सबमर्सिबल मोटार ऑइल भरलेली आहे का, शेजारच्या गॅरेजवाला जळके ऑइल कुठे ओततो, जुन्या रॉकेल डेपोची जागा कोठे होती, हे सगळे लिहून काढा. समोरचा पक्ष हेच प्रश्न विचारणार आहे, आणि उत्तर आधीच नोंदवहीत असेल तर तुमच्या बाकीच्या नोंदींवरही विश्वास बसतो.

३. जमिनीची घडण समजून घ्या

या पायरीवर घाई करू नका. इंधन जमिनीखाली कोणत्या वाटेने गेले हे कळल्याशिवाय पुढचे सारे अंदाज फसतात.

पेट्रोल आणि डिझेल पाण्यापेक्षा हलके असतात. टाकीतून गळालेले इंधन आधी माती-मुरुमातून खाली झिरपते, भूजलाच्या पातळीला पोहोचले की तिच्यावर तरंगत पसरते, आणि त्यातला थोडा भाग पाण्यात विरघळून दूर जातो. हा विरघळणारा भागच घातक असतो, कारण त्यात बेन्झीन, टोल्युइन, एथिलबेन्झीन आणि झायलीन ही चार द्रव्ये असतात. त्यांतले बेन्झीन माणसात कर्करोग घडवते, हे सिद्ध झालेले आहे.

सातारा जिल्ह्यात खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. वर मुरूम, मग भेगाळलेला खडक, कुठे सच्छिद्र मांजऱ्या खडक, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये ठिकठिकाणी लाल गेरूचा पट्टा. अशा खडकात पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडून सारखे वाहत नाही. ते भेगांतून आणि थरांच्या सांध्यातून चालते. त्यामुळे पंपापासून पन्नास मीटरवरची विहीर स्वच्छ आणि तीनशे मीटरवरची दूषित, असे सहज घडू शकते. आमच्या मधल्या शेजाऱ्यांची विहीर शेवटपर्यंत चांगली राहिली, आणि ‘जवळच्या विहिरीत काही नाही, मग तुमच्याच विहिरीत कसे’ हा प्रश्न आम्हाला किमान दहा वेळा ऐकावा लागला. याचे उत्तर विहिरीच्या भिंतीत असते. कोणत्या बाजूच्या झऱ्यातून पाणी येते, तो किती खोलीवर आहे आणि मुरूम कुठे संपून पाषाण कुठे लागतो, हे विहीर खणणाऱ्या जुन्या माणसांना विचारा आणि त्याचे चित्र काढून ठेवा.

सांगली, मिरज, वाळवा या कृष्णाकाठच्या भागात गोष्ट वेगळी आहे. तेथे खोल काळी माती आणि गाळाची जमीन आहे. उन्हाळ्यात या मातीला हातभर भेगा पडतात आणि त्यांतून इंधन झपाट्याने उतरते. पावसात माती फुगली की त्याच वाटा मिटतात. अतिरिक्त पाण्याने क्षारपड झालेल्या पट्ट्यात भूजल अगदी वर असते. तेथे टाकी आणि पाईप वर्षानुवर्षे खारट ओलीत राहतात, आणि लोखंड गंजायला याहून अनुकूल जागा नाही. निचऱ्यासाठी शेतात सच्छिद्र पाईप पुरलेले असतील तर इंधनाला आयताच रस्ता मिळतो, म्हणून निचरा योजनेचा नकाशा आधी मिळवा. पुराचा इतिहासही विचारा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जो पंप पाण्याखाली गेला, त्याची टाकी त्या वेळी रिकामी असल्यास पाण्याच्या उत्प्लावक जोराने ती वर उचलली जाऊन सांधे निखळलेले असू शकतात.

४. विहिरींची नोंदवही

पंपाच्या भोवतालच्या किमान अर्ध्या किलोमीटरातल्या सर्व विहिरी आणि बोअर गट नंबरसह नकाशावर घ्या. प्रत्येकीची खोली, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, वास आहे की नाही आणि तारीख ही माहिती दर पंधरा दिवसांनी, शक्यतो सकाळी, मोटारी सुरू होण्याआधी लिहा. काठांची एकमेकांच्या तुलनेतली उंची ऑटो लेव्हलने (सर्वेक्षकाच्या दुर्बिणीच्या यंत्राने) मोजून घ्या. त्याशिवाय कोणत्या विहिरीतले पाणी खरोखर वर आहे हे कळत नाही. निदान तीन विहिरींतल्या पातळ्या एका मोजपट्टीवर आल्या की भूजलाचा उतार कोणत्या दिशेला आहे हे काढता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. जिल्हा कार्यालयातून तुमच्या पाणलोटाच्या जुन्या नोंदी मागा, तुमच्या आकड्यांना त्यांचा आधार मिळतो.

वास पहिल्यांदा कोणत्या तारखेला आला ती तारीख या वहीच्या पहिल्या पानावर दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहा. तिचे कायदेशीर महत्त्व नवव्या पायरीत येईल.

५. पंपाच्या हिशेबातून काय कळते आणि काय कळत नाही

गळती असती तर रोजच्या साठ्यात तूट दिसली असती, असे पंपचालक म्हणतात, आणि ते प्रामाणिकपणे म्हणत असतात. पण हिशेब करून पाहा. दर सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाला सुमारे ४ लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर जातात. २० हजार लिटरच्या आडव्या टाकीत मध्यावर डिप रॉडवरील (टाकीत बुडवून साठा मोजायच्या सळईवरील) एक मिलिमीटर म्हणजेच साधारण १३ लिटर. त्यातच पेट्रोलचे तापमान एका अंशाने बदलले की घनफळ सुमारे ०.१ टक्का बदलते. १० हजार लिटरला ५ अंशांचा फरक म्हणजे ५० लिटर. रोजच्या मापात ही ४ लिटरची गळती दिसणे शक्यच नाही.

म्हणून एका दिवसाची तूट न पाहता सहा महिन्यांच्या दैनिक साठा नोंदी एकत्र बेरजेत पाहाव्या लागतात. मापातली चूक असेल तर फरक कधी अधिक, कधी उणा येतो. गळती असेल तर तो सातत्याने उण्याकडेच झुकतो. टाकीच्या तळातले पाणी सळईला वॉटर पेस्ट (पाणी लागले की रंग बदलणारा लेप) लावून रोज पाहिले जाते. पाऊस पडल्यावर ते वाढत असेल तर बाहेरचे पाणी आत येते आहे, म्हणजे आतलेही बाहेर जाऊ शकते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि तळाशी पाणी साचले की इथेनॉल त्या पाण्यात उतरते, त्यामुळे या नोंदीला अधिकच वजन आले आहे. टाकीची आणि पाईपलाइनची दाबचाचणी वेगवेगळी करायला सांगा. आमच्या प्रकरणात टाकी निर्दोष निघाली, दोष टाकीपासून डिस्पेन्सरकडे (गाडीत इंधन भरणाऱ्या यंत्राकडे) जाणाऱ्या पाईपच्या सांध्यात होता.

पंपचालकाशी पहिल्या भेटीत भांडू नका. इंधन त्याचेही जाते आहे. त्याने नोंदी दाखवल्या तर महिन्यांचे काम आठवड्यात होते.

६. पाण्याचा नमुना

येथे झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही. पुढील साहित्य प्रयोगशाळेकडून आधी मागवा: ४० मिलिलिटरच्या गडद काचेच्या कुप्या, त्यांना टेफ्लॉनचे अस्तर असलेली झाकणे, बर्फाची पेटी, बेलर नावाची नळीसारखी एकवेळची पोहरी, नायट्राइलचे हातमोजे आणि प्रयोगशाळेतूनच भरून आलेली शुद्ध पाण्याची एक बंद कुपी.

मोटारीच्या धारेखाली कुपी धरू नका, कारण खळखळाटात बेन्झीन उडून जाते. बोअरमध्ये साचलेले पाणी आधी काढावे लागते. साधारणपणे बोअरमधील पाण्याच्या घनफळाच्या तिप्पट काढतात, आणि ते पाणी पिंपात साठवून ठेवावे लागते. मग बेलर हळूच सोडून, पाणी कुपीच्या कडेने संथपणे, काठोकाठ, वर फुगवटा येईपर्यंत भरा. झाकण लावून कुपी उलटी करा. एक जरी बुडबुडा दिसला तरी ती कुपी बाद समजून दुसरी भरा. प्रयोगशाळेने कुपीत आधीच हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेले असेल तर ते सांडू किंवा ओसंडू देऊ नका. बर्फात सुमारे ४ अंशांवर ठेवलेला असा नमुना १४ दिवस टिकतो, आम्ल नसेल तर ७ दिवस. शुद्ध पाण्याची बंद कुपी न उघडता सोबत नेऊन आणा. तिच्यात बेन्झीन सापडले तर दोष प्रवासातला आहे हे कळते.

नमुना घेताना मोटारसायकल जवळ उभी करू नका, पेट्रोल भरून आलेल्या हातांनी कुप्या हाताळू नका. प्रत्येक कुपीवर वेळ, विहीर आणि सही असावी, आणि कुपी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याचा कागद अखंड असावा. पाण्यावर इंधनाचा थर तरंगत असेल तर त्याचा वेगळा नमुना घ्या. त्यावरून ते पेट्रोल आहे, डिझेल आहे की जळके ऑइल, हे क्रोमॅटोग्राफच्या (मिश्रणातली द्रव्ये वेगळी करून दाखवणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर ओळखता येते.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असणे पुरेसे नाही. तिच्या मान्यतेच्या यादीत पाण्यातील बेन्झीन-टोल्युइन गटाची चाचणी आहे का ते पाहा. आणि पैसे भरण्यापूर्वी विचारा की त्यांना कमीत कमी किती बेन्झीन मोजता येते.

७. अहवाल वाचताना

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेन्झीनची मर्यादा प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. प्रयोगशाळेची मोजण्याची सीमा याहून वर असेल तर ‘आढळले नाही’ या शब्दांना काहीही अर्थ नाही. आमच्या पहिल्या अहवालात ही सीमा छापलेलीच नव्हती, आणि आम्ही ती विचारलीही नव्हती.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक गणित मांडतो. बीएस-६ (भारत स्टेज ६ या मानकाच्या) पेट्रोलमध्ये घनफळाने १ टक्क्यापर्यंत बेन्झीन चालते. म्हणजे एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ ग्रॅमच्या आसपास. ते सगळे पाण्यात उतरले तर ८ लाख लिटरहून अधिक पाणी या मर्यादेपर्यंत नेते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते दीड लाख लिटरही भरत नाही.

पेट्रोलच्या गळतीत बेन्झीन-टोल्युइन गट ठळक दिसतो. डिझेलमध्ये तो क्षीण असतो आणि जड हायड्रोकार्बन वर येतात, म्हणून एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनची चाचणीही सांगा. एका अहवालावर निष्कर्ष काढू नका. मे महिन्यात पाणी खाली असते, ऑक्टोबरमध्ये वर येते, आणि या चढउतारात इंधन मधल्या मुरुमाला माखून राहते. त्यामुळे एकाच विहिरीचे दोन हंगामांतले आकडे खूप वेगळे येऊ शकतात आणि दोन्ही खरे असतात.

८. माती आणि निरीक्षण बोअर

विहीर खराब झाली की शेजारी तीनशे फुटांचा नवा बोअर घ्यायचा, ही आपल्याकडची रीत आहे. कृपा करून हे करू नका. आपल्या बोअरमध्ये केसिंग (भोक ढासळू नये म्हणून आत घातलेला पाईप) बहुधा मुरुमापुरतेच असते. वरचे दूषित पाणी त्या उघड्या भोकातून खालच्या स्वच्छ थरात उतरते, आणि तेथून ते काढणे जवळजवळ अशक्य असते. बोअरगाडीच्या दाबाच्या हवेने वाफही भेगांतून घरांच्या तळाशी ढकलली जाऊ शकते.

निरीक्षण बोअर उथळ असतो. त्याची जाळीदार नळी भूजलाच्या पातळीच्या थोडी वरून थोडी खालपर्यंत असावी लागते, नाहीतर तरंगणारे इंधन नळीत येतच नाही. वरची पोकळी बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) आणि सिमेंटने बंद करतात. हे काम भूजलतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावे, आणि पंपाच्या आवारात तर परवानगीशिवाय साधी पहारही घालू नये.

मातीचा नमुना पॉलिथिनच्या पिशवीत प्रयोगशाळेकडे पाठवणे म्हणजे रिकामी पिशवी पाठवणे होय. उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठी तो जागेवरच मिथेनॉल असलेल्या काचेच्या कुपीत बंद करतात. पिशवीचा उपयोग जागेवर चाचपणीसाठी होतो: अर्धी पिशवी माती, पंधरा मिनिटे थांबणे, आणि मग वाफ मोजणाऱ्या पीआयडी यंत्राचे टोक आत घालणे. ज्या खोलीवर आकडा सर्वांत मोठा, तेथली माती कुपीत जाते.

९. तक्रार, कागदपत्रे आणि मुदती

तक्रार एकाच दिवशी चार ठिकाणी द्या: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय (सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी ते आहे), जिल्हाधिकारी, ग्रामपंचायत आणि संबंधित तेल कंपनीचे विभागीय कार्यालय. स्फोटाचा धोका वाटत असेल तर पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेलाही कळवा. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. जल प्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यातील कलम २१ नुसार मंडळाच्या अधिकाऱ्याला विहिरीतील पाण्याचा नमुना घेण्याचा अधिकार आहे. तो वापरण्याची लेखी विनंती करा आणि नमुना घेताना स्वतः हजर राहा.

सोबत ठेवायची कागदपत्रे:

– सात-बारा आणि गट नकाशा, त्यावर विहिरी आणि पंप यांच्या खुणा
– पाणीपातळी आणि वासाची नोंदवही
– तारखेसह छायाचित्रे
– प्रयोगशाळेचे अहवाल, नमुना हस्तांतराच्या कागदासह
– ग्रामपंचायतीचा ठराव आणि तलाठ्याचा पंचनामा
– पंपाच्या ना-हरकत प्रमाणपत्राची आणि टाक्यांच्या मांडणीच्या नकाशाची प्रत

शेवटचा कागद माहितीच्या अधिकाराखाली जिल्हाधिकारी कार्यालयातून मागता येतो, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. टाकी कोणत्या वर्षी पुरली हे त्यावरून कळते. जुनी, वापरातून गेलेली टाकी तशीच पुरून ठेवलेली नाही ना, हेही विचारा.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार संशयित जागा स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने राज्य मंडळाला कळवायच्या आहेत, आणि मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे. तक्रारीत या नियमांचा उल्लेख जरूर करा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. तेथे पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत आणि भरपाईचा अर्ज पाच वर्षांत द्यावा लागतो. वास पहिल्यांदा आला ती तारीख म्हणून महत्त्वाची. कार्यालयांच्या फेऱ्यांत सहा महिने कसे निघून जातात हे कळतही नाही.

१०. गळती थांबल्यानंतर

पाईप किंवा टाकी बदलली म्हणजे पाणी शुद्ध झाले असे होत नाही. मुरुमाला माखलेले इंधन राहतेच. तरंगता थर काढणे, जमिनीतली वाफ ओढून घेणे, पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून शुद्ध करणे, यांपैकी काय करायचे हे तज्ज्ञ ठरवतील. तुमचे काम एवढेच, की त्याच विहिरींचे, त्याच पद्धतीने, दर मे आणि ऑक्टोबरमध्ये नमुने घेत राहणे. आमच्या विहिरीचा वास पाईप बदलल्यावर पहिल्या पावसातच गेला, आणि पुढच्या मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर परत आला. सलग दोन उन्हाळ्यांचे आकडे मर्यादेखाली येईपर्यंत आम्ही त्या पाण्याने भांडीसुद्धा घासली नाहीत.